खाऱ्या पाण्यातली मगर: कुठे असते, आणि तिच्या मुलखात वावरायचं कसं

खाजणकाठ

अंदमान, सुंदरबन, भितरकनिका, श्रीलंका इथे सुट्टीला जाणारी मराठी माणसं आता बरीच आहेत, आणि ऑस्ट्रेलिया-सिंगापूरला राहणारीही. या सगळ्या जागांच्या पाण्यात एक समान रहिवासी आहे, म्हणून हा धागा.

पहिली फसगत नावातच होते. 'खाऱ्या पाण्यातली' म्हटलं की माणूस समुद्राकडे बघत राहतो आणि नदीकडे पाठ करतो. या मगरीच्या जिभेवर जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे ती समुद्रात दिवसेंदिवस राहू शकते. पण तिचं खरं घर म्हणजे खाडी, कांदळवन, नदीचं मुख आणि तिथून आत गेलेली नदी. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नद्यांमध्ये ती मुखापासून शंभर किलोमीटरहून आत, पूर्ण गोड्या पाण्यात सापडते. पाणी चाखून ती आहे की नाही ते ठरवता येत नाही. विचारायचं एवढंच, की या पाण्याला भरती लागते का, किंवा पुरात हे पाणी भरतीच्या पाण्याला जाऊन मिळतं का. दोन्हीपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर ती तिथे येऊ शकते. मग ते तळं असो, भातशेताच्या कडेचा चर असो नाहीतर धबधब्याखालचा डोह असो.

भारतात आज ती तीनच भागांत आहे. ओडिशातलं भितरकनिका (ब्राह्मणी आणि वैतरणीचा त्रिभुज प्रदेश), पश्चिम बंगालचं सुंदरबन, आणि अंदमान-निकोबार. देशाबाहेर बांगलादेशचं सुंदरबन, श्रीलंका, म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि उत्तर ऑस्ट्रेलिया. सिंगापूरमध्येही आहे, सुंगेई बुलोच्या पाणथळ राखीव भागात ती नेहमी दिसते.

आकाराची कल्पना असावी. मादी बहुतेक अडीच ते तीन मीटर. पूर्ण वाढलेला नर चार ते पाच मीटर, सहाच्या पुढे फार विरळा. २०११ साली फिलिपिन्समध्ये पकडलेला 'लोलोंग' मोजला तेव्हा ६.१७ मीटर लांब आणि १,०७५ किलो वजनाचा भरला होता.

कुंभारजुवेकर

चांगला विषय. गोव्याबद्दल लगेच लिहितो, कारण दरवर्षी हा गोंधळ होतो. मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, पाणी मचूळ आहे, आणि बोटीवर पुष्कळदा 'ही समुद्रातली मगर' असं सांगितलं जातं. तसं नाही. ती आपली साधी मगर आहे, जी कृष्णेत सांगलीजवळ, सावित्रीत महाडला आणि वाशिष्ठीत चिपळूणला असते तीच. ही मगरही मचूळ पाण्यात चांगली जगते, म्हणून फसायला होतं. खाजणातले शेतकरी पौष अमावास्येला मातीची मगर घडवून 'मांगे थापणी' करतात, ती पूजाही हिचीच.

ओळखायची खूण: साध्या मगरीच्या डोक्यामागे, मानेच्या सुरुवातीला, चार मोठ्या खवल्यांची आडवी ओळ असते. खाऱ्या पाण्यातल्या मगरीत ती जवळजवळ नसते, डोकं आणि मानेवरचा मोठ्या खवल्यांचा चौकोन यांच्यामध्ये मऊ दिसणारी मोकळी जागा राहते. तिची दुसरी खूण, डोळ्यांपासून नाकाकडे उतरणाऱ्या दोन ठळक कडा. साधी मगर तोंडाने बसकी आणि रुंद असते.

मगर आणि सुसर हे शब्द बोलण्यात सरसकट वापरले जातात, पण लांब निमुळत्या जबड्याची सुसर वेगळीच, ती मासे खाते. ओडिशात तिन्ही जाती आहेत आणि उडियात तिन्हींना स्वतंत्र नावं आहेत. खाऱ्या पाण्यातली ती 'बउला कुंभीर'.

प्रवासी_नाशिक

आम्ही जानेवारीत अंदमानला जातोय, बरोबर सहा वर्षांची मुलगी आणि माझे आईवडील. राधानगर किनारा, वांडूर, बाराटांग असा बेत आहे. समुद्रात उतरायचंच नाही का? आणि मे महिन्यात भावाला भितरकनिकाला जायचंय, त्याबद्दलही सांगा.

ओहोटी

उतरा, पण जागा निवडून. अंदमानात धोका सगळ्या किनाऱ्यांवर सारखा नाही. मोकळा, वाळूचा, स्वच्छ पाण्याचा लांब किनारा तुलनेने बरा. धोका वाढतो तो किनाऱ्याच्या टोकाला, जिथे एखादा ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते, तिवरं सुरू होतात आणि पाणी गढूळ होतं. राधानगरचंच उदाहरण घ्या. २०१० च्या एप्रिलमध्ये तिथे पाण्याखालचे मासे बघत पोहणाऱ्या अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तो हल्ला मुख्य किनाऱ्याच्या गर्दीत झाला नव्हता, कडेच्या शांत कोपऱ्यात झाला होता. फोटोला छान दिसणारी, माणसं नसलेली कोपऱ्यातली जागा तेवढी टाळा.

वांडूरला पोहण्यासाठी जाळीने बंद केलेला भाग आहे. त्याच्या आतच राहायचं, आणि उतरण्याआधी जीवरक्षकाला दोन गोष्टी विचारायच्या: जाळी आज तपासली का, आणि या आठवड्यात मगर दिसली का. भरतीच्या लाटांनी जाळी फाटते किंवा खालून उचलली जाते, म्हणून 'जाळी आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. जीवरक्षक नसेल, लाल बावटा असेल किंवा अंधार पडत आला असेल तर मुलीला वाळूतच खेळू द्या.

बाराटांगला चुनखडीच्या गुहांकडे जाताना होडी तिवरांच्या अरुंद खाडीतून जाते. ती पूर्णपणे मगरीची जागा आहे. हात, पाय, कॅमेऱ्याचा पट्टा, काहीही होडीच्या काठाबाहेर नको. मुलांना दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा, काठाला नको. चढउतार करताना धक्क्याच्या खालच्या ओल्या पायरीवर फोटोसाठी थांबू नका.

२००४ च्या त्सुनामीनंतर दक्षिण अंदमान आणि निकोबारमधली जमीन खचली. पूर्वीची शेतं आणि बागा भरतीच्या पाण्याखाली गेल्या, तिथे नव्या पाणथळी तयार झाल्या. मगरीला आयती जागा मिळाली. म्हणून 'इथे पूर्वी कधी नव्हती' हे स्थानिकांचं म्हणणं खरं असलं तरी आज उपयोगाचं नाही.

तिवर

ओहोटी यांच्या प्रतिसादात एक भर. खाडीत टाकलेला कोंबडीचा, मासळीचा कचरा हे मगर वस्तीजवळ येण्याचं मोठं कारण आहे. हॉटेलमागे, मासळी बाजारामागे, कत्तलखान्याच्या नाल्याजवळ पाणी असेल तर तिथे पाय धुवायलासुद्धा जाऊ नये. कुत्रं पाण्याच्या काठाला घेऊन जाणं म्हणजे आमिष घेऊन जाणंच.

निळीशाई

माझ्या माहितीप्रमाणे मगर मागे लागली तर नागमोडी पळायचं, कारण तिला वळता येत नाही. आणि ती दिसली तर सावध होता येतंच की. एवढी मोठी गोष्ट लपणार कुठे?

खाजणकाठ

निळीशाई, दोन्ही समज काढून टाकायला हवेत. राग मानू नका, हे फार पसरलेले आहेत.

नागमोडी पळण्याने तुम्ही पाण्याजवळच जास्त वेळ राहता. मगर जमिनीवर लांब पाठलाग करत नाही, पहिल्या झेपेतच तिचं काम होतं किंवा फसतं. सरळ, पाण्यापासून दूर, चढाकडे पळायचं. बस.

आता लपण्याबद्दल. मगरीचे डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला एका रेषेत असतात. बाकी पाच मीटर शरीर पाण्याखाली ठेवून ती फक्त हे तीन उंचवटे वर काढते, आणि गढूळ पाण्यात ते भिजलेल्या लाकडाच्या गाठींसारखे दिसतात. गरज पडली तर तेही आत घेते आणि तळाला टेकून राहते. श्वास रोखून तास-तासभर राहिल्याच्या नोंदी आहेत. पाणी गुडघाभर असलं तरी मोठी मगर त्यात दिसत नाही. तोंडाच्या कडेला बारीक काळ्या ठिपक्यांसारखे संवेदक असतात, पाण्यातली हलकी थरथर त्यांना कळते. बादली बुडवली, कपडा आपटला, पाय हलवला की तिला दिशा समजते. मग शेपटीच्या एका फटक्याने ती काठावर झेपावते. तुम्हाला दिसणारी, चिखलावर ऊन खात पडलेली मगर ही त्यातल्या त्यात बरी. न दिसणारीसाठी अंतर ठेवायचं असतं.

डार्विनवासी

अंतराचे आकडे देतो. उत्तर ऑस्ट्रेलियात हे शाळेत शिकवलं जातं आणि कुठल्याही मगरीच्या पाण्याला लागू पडतं.

पाण्याच्या कडेपासून किमान ५ मीटर. मासे धरतानाही पाण्यात उभं राहायचं नाही, कडेला ओणवं व्हायचं नाही, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा ओंडक्यावर बसायचं नाही. गळ अडकला तर दोरी तोडायची, सोडवायला पाण्यात जायचं नाही. तंबू पाण्यापासून किमान ५० मीटर लांब आणि भरतीच्या सर्वांत वरच्या खुणेपेक्षा किमान २ मीटर उंच. मासे साफ करणं, भांडी घासणं, उरलेलं अन्न टाकणं पाण्याजवळ किंवा तंबूजवळ नको. आधी तिथे राहून गेलेल्यांनी कचरा टाकला असेल तर जागा बदला, कारण मगर त्याच्या वासाला आधीच सरावलेली असते.

आणि सर्वांत महत्त्वाचं: रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्याशी जायचं नाही. मगर बघून शिकते. पहिल्या दिवशी ती लांबून पाहते, नंतर जवळ येऊन थांबते. पाणी भरायचंच असेल तर जागा बदलत राहा, बादलीला लांब दोरी बांधा आणि ५ मीटरवरून फेका.

काठावर चिखलात घसरगुंडीसारखा गुळगुळीत पट्टा, मध्ये शेपटीची खोल रेघ आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे दिसले तर ती मगरीची पाण्यात उतरायची वाट. ठसे ओले आणि कडा धारदार असतील तर ती नुकतीच उतरली आहे. तिथून मागे फिरा. गवत-पाल्याचा ढीग दिसला तर तोही सोडा, तो घरटं असू शकतो आणि मादी जवळच पाण्यात राखण करत असते.

क्वीन्सलंडमध्ये ग्लॅडस्टोनजवळच्या बॉइन नदीपासून उत्तरेला सगळा किनारा मगरीचा मुलूख धरला जातो. ब्रिस्बेनहून केर्न्सकडे गाडीने जाणाऱ्यांनी ही रेषा लक्षात ठेवावी. गोल्ड कोस्टला जी सवय लागते, म्हणजे रस्त्यात छान ओढा दिसला की उतरायचं, ती तिथून पुढे चालत नाही. मगरीचा इशारा देणारी पिवळी पाटी नाही म्हणून मगर नाही असंही समजू नका, पाट्या सगळीकडे लावता येत नाहीत.

सह्यकडा

@डार्विनवासी, डार्विनजवळच्या लिचफिल्ड उद्यानात धबधब्याखाली तर लोक सर्रास पोहतात. गोड्या पाण्यातल्या मगरी चावत नाहीत म्हणतात ना?

डार्विनवासी

तिथे दोन जाती आहेत. गोड्या पाण्यातली ऑस्ट्रेलियन मगर बारीक तोंडाची, फार तर तीन मीटरची, आणि छेडली नाही तर सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. अडचण अशी की पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, पूर आला की खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्याच डोहांमध्ये वर चढतात. पाणी ओसरलं की वनरक्षक रात्री दिवे मारून शोध घेतात, सापळे लावतात, आणि खात्री झाल्यावरच डोह पोहण्यासाठी उघडतात. तरीही धोका उरतोच. २०२३ च्या जुलैमध्ये, ऐन कोरड्या ऋतूत, लिचफिल्डच्या वांगी धबधब्याखाली पोहणाऱ्या एका माणसाला खाऱ्या पाण्यातल्या मगरीने चावा घेतला. तेव्हा 'आज उघडा आहे' अशी त्या दिवसाची पाटी बघूनच उतरायचं, गेल्या वर्षीच्या फोटोवर जायचं नाही. सापळ्याच्या पिंजऱ्याजवळही जाऊ नका, त्यात मांस असतं आणि मगर आसपास घुटमळत असते.

काकाडू राष्ट्रीय उद्यानातल्या केहिल्स क्रॉसिंगला नदीवरून गाडीचा रस्ता जातो आणि भरतीला तो पाण्याखाली जातो. भरतीबरोबर मासे येतात, माशांमागे डझनावारी मगरी येतात. बघायला उंचावर बांधलेले सज्जे आहेत, तिथूनच बघा. पाणी चढतंय का बघायला पायी रस्त्यावर उतरू नका. भरतीचं वेळापत्रक पाहूनच गाडी घाला.

निळीशाई

समजलं, धन्यवाद. मग एक शंका. जी मगर वस्तीजवळ येते तिला पकडून लांब सोडली तर प्रश्न मिटत नाही का?

ओहोटी

नाही मिटत, आणि याचा पुरावा आहे. क्वीन्सलंडमध्ये शास्त्रज्ञांनी उपग्रह यंत्र बसवून मगरी दूर सोडल्या. त्यातला एक मोठा नर केप यॉर्क द्वीपकल्पाला वळसा घालून चारशेहून अधिक किलोमीटर पोहला आणि मूळ जागी परतला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की मगरी समुद्रप्रवाहाची दिशा बघून निघतात, उलटा असेल तर काठाला थांबून राहतात. त्यात एका नराने २५ दिवसांत ५९० किलोमीटर अंतर कापलं. समुद्र तिच्यासाठी अडसर नाहीच, रस्ता आहे.

दुसरं, मोठा नर हलवला की त्याची हद्द रिकामी होते आणि तिच्यासाठी तरुण नर भांडत येतात. कधीकधी आधीपेक्षा जास्त. डार्विन बंदरात म्हणूनच धोरण वेगळं आहे: दिसली की सापळा, दरवर्षी, न थांबता.

भितरकनिकात १९७५ साली संवर्धन सुरू झालं तेव्हा तिथे शंभराच्या आत मगरी उरल्या होत्या. अंडी आणून उबवायची, पिल्लं वाढवायची, नदीत सोडायची, असं डांगमाळला वर्षानुवर्षं चाललं. २०२५ च्या गणनेत १,८२६ मोजल्या गेल्या. देशातलं हे फार मोठं यश आहे आणि ते यश तिथल्या नदीकाठच्या गावांनी अंगावर घेतलं आहे, हे विसरता कामा नये. आंघोळ, कपडे, भांडी, गुरांचं पाणी, सगळं नदीवर. तिथे हल्ल्यात माणसं मरतात ती पर्यटक नसतात. कडेला उकिडवं बसून भांडी घासणारी बाई पाण्यावर वाकलेली असते, नजर खाली असते, आणि ती रोज त्याच घाटावर त्याच वेळी येते. सुंदरबनात कोळंबीचं बी धरायला कमरेभर पाण्यात तासन् तास जाळं ओढणाऱ्या बायांचं तेच.

उपाय साधा आणि खर्चिक असा दुहेरी आहे. वनखात्याने घाटांना कुंपणं घातली आहेत. श्रीलंकेत निलवला नदीतही आंघोळीसाठी अशी कुंपणं आहेत. ती फसतात कुठे ते सांगतो. कुंपण भरतीच्या सर्वोच्च पातळीपेक्षा उंच नसेल तर मगर वरून आत येते, आणि मग आतच अडकते, जे जास्त वाईट. तळाशी गाळ वाहून गेला की खाली फट पडते. बांबू खाऱ्या पाण्यात कुजतो. ओहोटीला आतलं पाणी आटलं की माणसं नाइलाजाने बाहेर उतरतात. म्हणून कुंपण ओहोटीच्या पाण्यापर्यंत आत नेलेलं हवं, प्रत्येक पुरानंतर तपासायला हवं, आणि शक्य तिथे हातपंप किंवा नळ हाच खरा इलाज आहे. पाण्याशी जाण्याची गरजच उरली नाही की निम्मं काम झालं.

प्रवासी_नाशिक

खूप उपयोगी. स्वराज द्वीपला रात्री तिवरांमधून छोट्या कयाकमधून पाण्यातला नैसर्गिक प्रकाश दाखवतात, ते करावं का?

डार्विनवासी

माझं स्पष्ट मत: नको. बोट जितकी लहान आणि पाण्याला टेकलेली तितका धोका जास्त, आणि कयाकमध्ये तुमची कंबर पाण्याच्या पातळीला असते. वल्ह्याचा आवाज आणि लाट मगरीला कळते. रात्री ती जास्त सक्रिय असते. मोठ्या बोटीवरून, उंच काठाच्या, ठीक.

रात्री काठावर चालावंच लागलं तर बॅटरी डोळ्यांच्या उंचीला धरून पाण्यावर फिरवा. मगरीचे डोळे लालसर-नारिंगी चमकतात. गणनाही अशीच करतात. पण चमक दिसली नाही म्हणजे मगर नाही असा अर्थ काढू नका.

शल्यविशारद

हल्ला झालाच तर काय, हे कुणीतरी लिहायला हवं.

मोठ्या मगरीच्या चाव्याचा जोर सुमारे १६,४०० न्यूटन मोजला गेला आहे, म्हणजे दीड टनाहून जास्त. जबडा हातांनी उघडण्याचा प्रयत्न करू नका. मगर पकडली की गोल फिरते किंवा खोल पाण्याकडे ओढते. पहिल्या काही सेकंदांतच जोरात प्रतिकार करायचा: बोटं किंवा हाती येईल ते डोळ्यांत खुपसायचं. हात घशापर्यंत गेला असेल तर घशाच्या तोंडाशी असलेला मांसल पडदा जोरात ढकलायचा, तो सरकला की पाणी घशात जातं आणि ती सोडू शकते. काठावरच्यांनी पाण्यात उडी मारू नये. दोरी, वल्हं, काठी, जे लांब आहे ते वापरा.

सुटल्यावर पाण्यापासून लांब न्या, मगर पुन्हा येऊ शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, सतत. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या ५ ते ७ सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, रुंद पट्टा घट्ट आवळा. वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नका. भारतात ११२, ऑस्ट्रेलियात ०००.

जखम लहान दिसली तरी रुग्णालय चुकवू नका. दात खोल जातात आणि खाडीच्या पाण्यातले जंतू आत सोडतात. डॉक्टरांना 'मगर चावली, खाडीच्या पाण्यात' असं नेमकं सांगा, प्रतिजैविक त्यावरून ठरतं. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. रेबीजची भीती बाळगू नका, तो सस्तन प्राण्यांमधला रोग आहे. हळद, माती, चुना काही लावू नका.

ओहोटी

@प्रवासी_नाशिक, भावाचं राहिलं होतं. भितरकनिका १ मे ते ३१ जुलै पर्यटकांना बंद असतं. तो मगरींच्या घरट्यांचा काळ आहे. मादी पाल्याचा ढीग रचून त्यात चाळीस-पन्नास अंडी घालते आणि सुमारे ऐंशी-नव्वद दिवस जवळून हलत नाही. त्या काळात ती बोटीवरही धावून येते.

त्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगा. थंडीत मगरी ऊन खायला चिखलावर येतात, म्हणून गणनाही जानेवारीतच होते. खोला किंवा गुप्तीच्या फाटकातून परवान्याची बोट घ्यावी. भरतीचं वेळापत्रक आधी बघावं आणि अशी वेळ निवडावी की दहा ते दोनच्या दरम्यान ओहोटी असेल. पाणी उतरलेलं, चिखल उघडा, ऊन डोक्यावर. त्या चार तासांत जेवढ्या दिसतात तेवढ्या भरतीला दिवसभर फिरूनही दिसणार नाहीत.